तुझ्या नावावर एक पुस्तक बाकी आहे

मंगेश,

आज सकाळी वाचनालय उघडलं, कॉम्प्युटर लावला आणि सवयीनं बाकीची यादी पाहिली. बावीस पुस्तकं बाहेर, त्यातलं एक तुझ्या नावावर. 'मंगेश, सभासद क्रमांक सातशे चौदा, मुदत उलटून पाच दिवस.' उशिराच्या पुस्तकांना आधी लाल रंग यायचा. तो तूच काढून टाकलास, त्यामुळे तुझी ओळ इतरांसारखीच काळी होती. तुला जाऊन सोळा दिवस झाले हे त्या यादीला माहीत नाही. तिला काही सांगायचं असलं की आम्ही तुलाच फोन करायचो.

लोक मला विचारतात, तो तुमचा कोण होता. काय सांगू? मी अमरावतीच्या एका लहान वाचनालयाची ग्रंथपाल, घराणं भिक्षुकांचं, तोंड फाटकं. तू बडनेऱ्याच्या फुलवाल्यांचा मुलगा. पुस्तकांची देवघेव कॉम्प्युटरवर करता यावी म्हणून तू एकट्यानं ते वेब ॲप बनवलंस, त्याचं नावही 'देवघेव'च ठेवलंस, आणि अमरावती-अकोल्याच्या तीसेक वाचनालयांचा गाडा त्यावर चालू लागला. तू जन्मलास कुठे, शिकलास काय, हे मी लिहिणार नाही. ते सगळं तेल्हाऱ्याच्या वाचनालयाच्या सरांनी शोकसभेत वाचून दाखवलं आणि त्यातही दोन चुका होत्या. तू असतास तर उठून दुरुस्त केल्या असत्यास.

आपली ओळख भांडणातून झाली असं तू सगळ्यांना सांगायचास. खरी ओळख त्याच्या कितीतरी आधीची होती आणि ती मला तुझ्याच तोंडून कळली. अकरावीत असताना तू वाचनालयात आला होतास. मी अर्जावरचं आडनाव वाचलं, चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं आणि तू काही बोलायच्या आत कपाटातून फुलशेतीचं पुस्तक काढून तुझ्यासमोर ठेवलं. तुला गणिताचं हवं होतं. तू ते फुलशेतीचं पुस्तक घरी नेलंस, पंधरा दिवसांनी परत केलंस आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडे फिरकला नाहीस.

मला हे आठवतसुद्धा नव्हतं. तू सभासदांच्या यादीतून आडनावं काढून टाकलीस आणि मी फोनवर तुझ्यावर चढले, की एका वाचनालयात चार सुनीता असतात, मी कोणती कोण कसं ओळखू, तेव्हा तू शांतपणे ती गोष्ट सांगितलीस. "ताई, नंबर हाय ना. नंबरावरून ओळखा," असं म्हणालास. मी म्हटलं, "अरे, मी चांगल्या मनानं दिलं असेल रे ते पुस्तक." तू म्हणालास, "हाव ना ताई. चांगल्याच मनानं देल्लं तुमी. म्हणून तं लागलं." मी फोन ठेवून दिला. माफी मागायची राहिली. नंतर मागायची होती, पण मग तू रोजचाच झालास आणि रोजच्या माणसाची माफी कोण मागतं?

तू 'देवघेव'मध्ये काही बदललंस की त्याची नोंद लिहायचास. 'काय बदललं' या पानावर. मी ऐकलंय की बाकीचे लोक तिथे एका ओळीत काहीतरी तांत्रिक लिहून मोकळे होतात. तू तिथे दुनियेवर भाष्य करायचास. काल बसून मी ते सगळं पान पहिल्यापासून वाचलं. 'उशीर झालेल्या पुस्तकाचा लाल रंग काढला. पुस्तक उशिरा आणणारा माणूस गुन्हेगार नसतो, बहुतेक वेळा त्याला ते आवडलेलं असतं.' एका ठिकाणी, 'या महिन्यात काहीच बदललं नाही. चालणाऱ्या गोष्टीला हात न लावणं हेही काम आहे.' आणि यशाची गुरुकिल्ली देणाऱ्या पुस्तकांना तू वेगळं कपाट दिलंस तेव्हाची नोंद, 'याच्या शेतात पाऊस पडला आणि यानं पुस्तक लिहिलं, पाऊस कसा पाडावा. वाचकांनी वाचावं, पण छत्री घरी ठेवू नये.' आमच्या कार्यकारिणीतले दोघे त्या नोंदीवर चिडले होते, कारण ती पुस्तकं त्यांनीच भेट दिली होती. मी त्यांच्यासमोर तुला रागावले आणि ते गेल्यावर पोट धरून हसले. हे तुला सांगितलं नव्हतं.

तुझ्या घरी पुस्तकांचं कपाट नव्हतं. एवढा वाचणारा माणूस आणि घरात एक पुस्तक नाही. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "घरी ठेवलं का ते माह्यं होते. वाचनालयात ठेवलं का सगळ्यायचं राहते. मले पायजे तेव्हा येतो ना मी." दर शनिवारी यायचास. हेल्मेट काउंटरवर ठेवायचास, मी ते उचलून खाली ठेवायची, तू परत वर ठेवायचास. कपाटांमधून फिरून एक पुस्तक आणायचास आणि गप्प उभा राहायचास. काय नेतोयस हे मी बोलून दाखवलेलं तुला चालायचं नाही.

आपलं मोठं भांडण त्यावरूनच होतं. तुझ्या 'देवघेव'मध्ये पुस्तक परत आलं की वाचणाऱ्याचं नाव पुसलं जायचं. पुस्तक किती वेळा गेलं एवढा आकडा उरायचा, कोणाकडे गेलं ते नाही. मी म्हणायची, अरे, आम्ही जुन्या रजिस्टरात पानं उलटून सांगू शकायचो की अमक्या बाईंनी काय काय वाचलं. त्यावरून माणूस कळतो. काय द्यावं ते कळतं. माणूस अडचणीत असला तर तेही कळतं. तू म्हणायचास, "ताई, माणूस कळाले दुसरे रस्ते हायेत. त्याच्याशी बोला. त्यानं काय वाचलं ते त्याचं हाय. वाचून झालं का त्याले मोकळं सोडा." मी म्हणायची, तुला माणसांची काळजी नाही. तू म्हणायचास, "काळजी अन् पाळत यात लय बारीक रेघ हाय, ताई." हा वाद आपण दहा वर्षं घातला. चहा घेताना, फोनवर, एकदा तर माझ्या पुतणीच्या लग्नात, अक्षता हातात असताना.

मंगेश, मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. मी वही ठेवत होते. तू कॉम्प्युटर बसवून दिलास त्या दिवसापासून मी काउंटरच्या खणात, शिक्क्यांच्या डब्याखाली, एक वही ठेवली. तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक म्हणजे पाठीवरचा नंबर, परतीची तारीख. आधी म्हटलं, वीज गेली तर असावी. मग म्हटलं, तपासणीला कोणी मागितली तर असावी. खरं कारण हे की तू मला हरवलंस हे मला पटत नव्हतं. तू शनिवारी काउंटरपाशी उभा असायचास, मी कॉम्प्युटरवर तुझं पुस्तक चढवायची आणि तू पाठ फिरवलीस की खण उघडून वहीत लिहायची. सगळी वर्षं. अशा पाच वह्या भरल्या. तुला कळलं होतं की नाही, देव जाणे. खणाकडे तू कधी पाहिलं नाहीस एवढं खरं.

अकोल्याचं आठवतं? वाचनालयवाल्यांचा मेळावा होता, आपण बडनेऱ्याहून पॅसेंजरनं गेलो होतो. तुझं भाषण झालं. तू पंधरा मिनिटांत संपवलंस आणि लोकांना वाटलं अजून यायचंय. जेवण संपता संपता पुण्याचा एक तरुण माणूस तुला गाठायला आला, कुठल्याशा कंपनीचा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. तुला 'फाउंडर' म्हणाला तेव्हा तू मागे वळून पाहिलंस, दुसरं कोणी आहे का म्हणून. तो म्हणाला, तीस गावांतले लोक काय वाचतात ही माहिती म्हणजे सोनं आहे. तू म्हणालास, "माह्याकडं नाही ना दादा ते सोनं. पुस्तक आलं का नाव पुसते." तो म्हणाला, पुसू नका, आम्ही बघतो पुढचं. तू म्हणालास, "तुमी बघान म्हणूनच पुसतो."

तो हसला. बिचारा वाईट नव्हता. त्यानं विचारलं, मग वाढ कशी होणार? त्यावर तू जे बोललास ते मी अजून लोकांना सांगते. "आमच्या घरी झेंडू लावते. कोणतं फूल भरलं अन् कोणतं पाण्यानं फुगलं, माय हात लावून सांगते. फुगलेलं बाजारात जाईपर्यंत राहत नाही." मला त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला की मी उठून माझ्या ताटातला पेढा तुझ्या ताटात ठेवला.

परतीच्या गाडीत मात्र मी तुझं डोकं खाल्लं. मूर्तिजापूर येईपर्यंत बोलत होते. म्हटलं, बाणेदारपणा ठीक आहे, पण त्याच्याशी नीट बोलला असतास तर हाताखाली दोन माणसं आली असती. तीस वाचनालयांचे फोन तू एकटा घेतोस. सणवार नाही, सुट्टी नाही. तू खिडकीबाहेर पाहत म्हणालास, "एकट्याचं एक बरं असते ताई. चुकलं तं दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही." मी म्हटलं, "आणि तू पडलास तर?" तू म्हणालास, "मंग पडन ना." एवढंच. मी बडनेऱ्यापर्यंत तुझ्याशी बोलले नाही. उतरताना तू माझी पिशवी घेतलीस, मी ती हिसकावून घेतली.

पुढच्याच आठवड्यात 'काय बदललं'मध्ये नोंद आली. 'आता दर रविवारी प्रत्येक वाचनालयाची पूर्ण यादी त्यांच्याच कॉम्प्युटरवर उतरेल. देवघेव बंद पडलं तरी वाचनालय बंद पडू नये. ताई विचारत होत्या.' माझ्या प्रश्नाचं तू हे उत्तर दिलंस. वाचनालयांची सोय केलीस. मी तुझं विचारलं होतं, मंगेश.

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. तुला तर सगळं माहीतच आहे.

मार्च संपत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची तपासणी होती आणि वार्षिक अहवालाचं शेवटचं पान कोरं छापलं जात होतं. एकूण पुस्तकं, एकूण सभासद, सही-शिक्का, सगळं त्याच पानावर. मी तीनदा छापून पाहिलं. कार्यकारिणीचे अध्यक्ष समोर खुर्चीत पंख्याखाली बसून घड्याळ पाहत होते. मी तुला फोन केला आणि हॅलोच्या जागी ओरडलेच. तू म्हणालास, "ताई, थोडं छातीत जड वाटून राहिलं. माय दही देऊन राहिली. अर्ध्या तासानं पाहू का?"

मी काय म्हटलं ते तुझ्या लक्षात असेल. माझ्या तर कानातून जात नाही. मी म्हटलं, "ऊन लागलं असेल. ताक पी अन् बस. पण मले ते पान आत्ता पाहिजे, अध्यक्ष बसून राहिले इथं."

तू म्हणालास, "देतो."

तुला तासभर लागला. मधे दोनदा मी फोन केला, झालं का, झालं का. मग पान छापलं गेलं. स्वच्छ, आकडे जागच्या जागी. अध्यक्ष उठले, म्हणाले, पोरगा कामाचा आहे. मी तुला फोन करून 'झालं' म्हणायचंही विसरले. संध्याकाळी दिवेलागणीला तुझ्या शेजारच्यांचा फोन आला, की तुला ऑटोतून अमरावतीला आणत होते आणि उड्डाणपुलावरच सगळं संपलं. मी फोन कानाला लावून उभी होते आणि टेबलावर तो अहवाल पडला होता.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, मंगेश. उत्तम झाली. शेवटच्या पानावर कोणी नजरसुद्धा टाकली नाही.

चौथ्या दिवशी मी 'काय बदललं' उघडलं. वर तुझी नोंद होती, त्याच दुपारची. 'वार्षिक अहवालाचं शेवटचं पान कोरं छापलं जात होतं. आता जाणार नाही. ताईंचा आवाज आज तेल्हाऱ्यापर्यंत गेला असेल.' छातीत ते सगळं चालू असताना तू मला चिडवत बसला होतास. मी त्या पडद्यासमोर रडले, आणि तेवढ्यात एक बाई दिवाळी अंक परत करायला आल्या म्हणून डोळे पुसून तो जमा करून घेतला.

मग मी वह्या काढल्या. मला तुझं काहीतरी हवं होतं. फोटो तुझा एकही धड नाही, प्रत्येकात तू मान वळवलेली. म्हटलं, तुझी वाचलेली पुस्तकं तरी माझ्याकडे आहेत, जगात दुसऱ्या कोणाकडे नाहीत. सातशे चौदा, सातशे चौदा, असं बोट फिरवत बसले. प्रत्येक क्रमांक दाखल रजिस्टरात शोधायचा आणि नाव वाचायचं. पहिल्या वर्षी तू फुलशेतीचं तेच पुस्तक पुन्हा नेलं होतंस. मला हसू आलं आणि लाजही वाटली. मग प्रवासवर्णनं, मग आत्मचरित्रं, एक वर्ष नुसती नाटकं. माय आजारी होती त्या पावसाळ्यात तू काहीच नेलं नव्हतंस. मी म्हणत होते तेच खरं होतं, माणूस कळत होता.

शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानांवर एकच क्रमांक तीनदा होता. डिसेंबरात, फेब्रुवारीत आणि मार्चच्या मध्याला. तीनही वेळा अक्षर माझं. दाखल रजिस्टर उघडलं. हृदयविकारावर एका डॉक्टरांनी सोप्या मराठीत लिहिलेलं, आरोग्याच्या कपाटातलं, तपकिरी कापडी बांधणीचं पुस्तक.

तू तीनदा ते माझ्यासमोर काउंटरवर ठेवलंस. मी ते हातात घेतलं, पाठीवरचा नंबर पाहिला, नंबर टाकला, पुन्हा खण उघडून नंबर लिहिला. दहा वर्षं तुझ्याशी भांडले, की नोंद असली म्हणजे माणसाची काळजी घेता येते. नोंद होती. मीच ठेवली होती. चार महिने ती माझ्या हाताखाली होती आणि मी तुला म्हटलं, ऊन लागलं असेल, ताक पी.

तुला किती माहीत होतं? कोणा डॉक्टरला दाखवलं होतंस का? माय म्हणते घरात एक कागद नाही. मार्च जाऊ दे, अहवाल होऊ दे, मग पाहू, असं म्हणत होतास का? मला सांगायचं होतं का तुला? तिसऱ्या वेळी पुस्तक ठेवून तू जरा जास्त वेळ उभा होतास असं आता वाटतं. की ते मीच आता मनानं घालतेय? तू म्हणायचास, त्याच्याशी बोला. मी हेल्मेट खाली ठेव एवढंच बोलले होते. माझा तुझ्यावर राग आहे, मंगेश. तीस वाचनालयांचं एक पान कोरं राहू दिलं नाहीस आणि स्वतःचं एवढं मोठं काम टाळलंस. माझा माझ्यावर जो राग आहे तो याच्या कितीतरी पट आहे.

आज दुपारी तुझी माय आली.

परवा तेरवीचे पाहुणे गेले, म्हणून आज निघता आलं असं म्हणाली. बडनेऱ्याहून ऑटोनं आली होती. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. फुलं ओल्या फडक्यात बांधून आणते तसंच बांधलं होतं, पण फडकं कोरडं होतं. आत ते पुस्तक. "गादीखाली सापडलं, बाई. तो म्हणे, लोकायचं पुस्तक घरात अडकवून ठेवू नये. म्हणून आणलं."

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग बसून सांगितलं. "मावशी, त्या दिवशी दुपारी मी फोन केला होता त्याले. त्यानं सांगितलं होतं छातीत जड वाटते म्हणून. मी त्याले कामाले बसवलं."

तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हणाली, "मालूम हाय. मी तथीच व्हती. दह्याची वाटी घेऊन उभी व्हती. तुमचा आवाज बाहेर येत व्हता."

मला वाटलं आता ही मला बोलेल. बोलावं असंच वाटत होतं. ती पदराच्या टोकाशी खेळत म्हणाली, "तो म्हणे, थांब माय, ताईचं काम हाय. मी थांबली. लय वाटलं फोन हिसकावून घ्याव. मंग म्हटलं, मोठ्या बाई हायेत, कामाचंच बोलत असतीन. आपण काहून मधात बोलाव."

मोठ्या बाई. तुझ्या अकरावीच्या अर्जावर मी आडनाव वाचलं होतं ना, मंगेश, तुझ्या मायनं त्या दुपारी माझं वाचलं. माझ्या जागी बाजारातली कोणी शेजारीण असती तर तुझ्या मायनं फोन हिसकावून दोन शिव्या हासडल्या असत्या आणि तुला उन्हातान्हात ऑटोत घातलं असतं. तू यादीतून आडनावं काढलीस. बाकी सगळीकडे ती होतीच.

कोणी कोणाला माफ केलं नाही. तसं काही नव्हतंच तिथे. मग तिनं पुस्तकात बोट घातलं आणि आतून पांढरा दोरा ओढून काढला. "हा माह्याच टोपल्यातला. माळेचा." दोरा तिसाव्या पानाच्या आसपास होता. तीनदा नेलंस आणि तिसाच्या पुढे गेला नाहीस. दोरा बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "कशाचं होय, बाई, हे पुस्तक? गादीखाली काहून ठेवलं व्हतं त्यानं?"

तिला अक्षर लागत नाही हे मला माहीत आहे. बांधणीवर नंबराशिवाय काही नाही. मी सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की पोराला माहीत होतं, आणि ती राहिलेलं आयुष्य त्याच एका गोष्टीला धरून बसली असती. गोष्टीचं पुस्तक आहे म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. माझा फोन माझा होता, म्हणून मी तो सांगितला. हे तुझं होतं.

मी म्हटलं, "मावशी, कोणी काय वाचलं ते सांगायचं नाही. मंगेशचाच नियम होय."

तिनं दोरा बोटावरून सोडवला. मग मान हलवली. "त्यानं केला असन तं राहू द्या मंग."

मी तिच्यासमोर कॉम्प्युटरवर दाखल क्रमांक टाकला. तुझं नाव आलं. 'जमा' दाबायला माझा हात उचलेना. मावशी माझ्याकडे पाहत होती, म्हणून दाबलं. 'पुस्तक जमा झालं' एवढी ओळ आली आणि तुझं नाव गेलं. मी उगाच मागे जाऊन पाहिलं, सातशे चौदा टाकून पाहिलं. 'या सभासदाकडे एकही पुस्तक बाकी नाही.' तू जसं केलं होतंस तसंच. "झालं?" मावशीनं विचारलं. झालं म्हटलं. तिला पुढच्या चौकातून ऑटोत बसवून आले.

सकाळी तेल्हाऱ्याच्या सरांचा फोन होता, "ताई, आता काही अडलं तं कोणाले फोन लावाचा?" मी म्हटलं, रविवारची यादी उतरलेली असते, ती पहा, आणि वही आणून ठेवा. 'देवघेव' किती दिवस चालेल माहीत नाही. एक दिवस उघडणार नाही. तुझ्या सगळ्या नोंदी मी हातानं उतरवून घेतेय, अर्ध्यापर्यंत आले आहे.

आणि माझी वही मी आज बंद केली. यापुढे कोण काय नेतो ते मी लिहिणार नाही. तू जिंकलास, घे. तुझ्या शेवटच्या नोंदीपुढे परतीचा रकाना आहे. दुपारपासून तीनदा पेन हातात घेतलं, पण आजची तारीख काही मी त्यात लिहिली नाही. कॉम्प्युटरमध्ये तू मोकळा झालास. माझ्या वहीत ते पुस्तक अजून तुझ्याकडेच आहे.